नाव गिऱ्हाइकाचं, ओतकाम कोल्हापूरचं

ट्रकच्या चाकामागचा ब्रेक ड्रम कधी सुटा पडलेला दिसला तर उलटा करून पाहा. वाहन कंपनीचं चिन्ह ठळक असतं, भागाचा क्रमांक असतो आणि कडेला कुठेतरी दोन-तीन अक्षरांची बारीक खूण व ओतल्याची तारीख असते. ती खूण फौंड्रीची, म्हणजे तो भाग ओतणाऱ्या कारखान्याची. कौतुकासाठी नव्हे, माल फुटला तर कुणाला बोलवून घ्यायचं हे कळावं म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यात ओतल्या गेलेल्या लोखंडावर कोल्हापूरचं म्हणून एवढंच असतं.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की चप्पल, गूळ, तालीम आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. जिल्ह्याच्या संसाराला मात्र ऊस-दुधाच्या जोडीनं आणखी एक खांब आहे, तो धुरकट शेडमधला. शहरातलं शिवाजी उद्यमनगर, पुण्याच्या बाजूची शिरोली, कर्नाटकच्या बाजूचं गोकुळ शिरगाव आणि त्यापुढची कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी असा हा पट्टा आहे. यात अडीचशे-तीनशे फौंड्री आणि त्यांच्या कितीतरी पट, ओतलेला भाग नेमक्या मापाला आणणारी मशीनशॉप आहेत. या समूहाच्या अहवालांत वर्षाला सहा लाख टनांच्या घरातल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा आकडा येतो. ट्रक, ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, साखर कारखान्याची यंत्रं, जिथे म्हणून ओतीव लोखंड लागतं तिथे यातलं काही ना काही जातं.

आता गंमत बघा. इथे लोखंडाच्या खाणी नाहीत, कोळसा नाही. 1891 साली मिरजेहून आलेली रेल्वे कोल्हापूर स्टेशनात संपते, पुढे कोकणात उतरत नाही. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, गोव्याहून आणि कर्नाटकातल्या कोप्पळकडून येतं. स्क्रॅप पुण्याकडच्या पत्रा दाबणाऱ्या कारखान्यांतून गठ्ठे बांधून येतं. साच्याची सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागातून घाट चढून येते आणि ती वाळू घट्ट धरणारं बेंटोनाइट कच्छमधून. वीज महावितरणची. ज्या पॅटर्नवरून, म्हणजे भागाच्या नमुन्यावरून, साचा निघतो तोसुद्धा बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या पैशानं बनलेला, म्हणजे मालकी गिऱ्हाइकाची. साचा भरणारा कामगार आता बऱ्याचदा बिहार, उत्तर प्रदेश किंवा ओडिशाचा.

मग यात कोल्हापूरचं काय? या प्रकरणाचा खरा प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर 2019 ते 2021 या तीन वर्षांत कसाला लागलं. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

गुऱ्हाळापासून सुरुवात

शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे शाहू मिल आली, राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. पंचगंगा आणि भोगावतीच्या काठचा ऊस वाढत गेला आणि उसाबरोबर लोखंडाची गरजही वाढली. लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला. चरकाचे रोलर झिजतात, दाते तुटतात. ऐन हंगामात चरक बंद पडला की रस नासतो, चुलवाण थंड होतं आणि पंधरा माणसं हातावर हात ठेवून बसतात. अशा वेळी मुंबईहून सुटा भाग मागवायला सवड नसते. दोन दिवसांत भाग हवा, तर तो गावातच ओतावा लागतो.

शेजारच्या औंध संस्थानात 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली आणि लोखंडी नांगर, चरक काढायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, ही गोष्ट इकडे अजून सांगतात. त्या कारखान्यानं या भागाला नुसते नांगर दिले नाहीत, भट्टीजवळ उभं राहायची सवय दिली. तिथे हात बसलेली माणसं पुढे चहूकडे पांगली.

कोल्हापुरात आधीच बघून बनवणाऱ्यांचं पीक होतं. बाबुराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, तो याच गावात. आणि त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही. त्याच काळात म्हादबा मेस्त्रींसारखी माणसं विलायती यंत्रं उघडून, भाग मोजून, तसाच भाग करून बसवत होती. शिक्षण बेताचं, पण कान असा की इंजिनाच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की पिस्टन, ते सांगावं.

यातून डिझेल इंजिनाचा धंदा उभा राहिला. नदीकाठच्या शेतकऱ्याला पाणी उपसायचं होतं आणि शिवारात वीज नव्हती. उद्यमनगरात कुणी ब्लॉक ओतू लागला, कुणी फ्लायव्हील, कुणी लायनर, कुणी फक्त नोझल. जुळवणी करणारा त्यावर आपल्या नावाची पाटी ठोकून इंजिन बाजारात उभं करायचा. तेव्हा नाव कोल्हापूरचं होतं, हे ध्यानात ठेवा. कारण पुढे ते गेलं.

गेलं ते विजेमुळे. खांब शिवारापर्यंत पोचले, विहिरीवर मोटार बसली आणि ऑइल इंजिनाची मागणी वर्षागणिक ओसरत गेली. एखाद्या गावाचा धंदा एकाच वस्तूवर असता तर तो तिथेच आटपला असता. इथे तो सरकला. पुणे-पिंपरीत ट्रक, रिक्षा, स्कूटर यांचे कारखाने वाढत होते आणि त्यांना बाहेरून कास्टिंग करून देणारे हवे होते. इंजिनाचा ब्लॉक ओतणाऱ्याला गिअरबॉक्सचं हाउसिंग परकं नव्हतं. वाळू तीच होती आणि हातही तोच. कोल्हापुरातून भरलेला ट्रक रात्री निघाला की सकाळी पुण्यात पोचत होता. पाटी मात्र या बदलात उतरली. स्वतःचं इंजिन विकणारं गाव दुसऱ्याच्या गाडीचे भाग ओतणारं गाव झालं. पिस्टन आणि बेअरिंगमध्ये मेनन समूहासारख्यांनी स्वतःचं नाव राखलं, पण असे थोडे.

भट्टीचं गणित

हा सौदा बरा की वाईट हे कळायला आतलं काम थोडं पाहावं लागेल.

पॅटर्नभोवती ओली वाळू ठासून साचा निघतो. आतली पोकळी राहण्यासाठी वाळूचाच कोअर, म्हणजे गाभा, बसवतात. विजेच्या इंडक्शन भट्टीत पिग आयर्न, स्क्रॅप आणि आपल्याच कारखान्यातलं परतीचं लोखंड यांचा चार्ज, म्हणजे मिश्रण, वितळतो. साधारण 1400 ते 1500 अंशांवर तो रस लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या बादलीतून, साच्यात जातो. गार झाल्यावर साचा फोडायचा, वाळू झटकायची, कडा घासायच्या आणि मग मशीनशॉप. ऐकायला सोपं आहे. पण वाळूत ओल जराशी जास्त झाली तर वाफ आत अडकते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ छिद्र राहतं. ते बाहेरून दिसत नाही. मशीनवर शेवटचा कट घेताना उघडं पडतं, म्हणजे तोवर वीज, वाळू, मजुरी सगळं खर्ची पडलेलं असतं. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा कशी असते ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर वाळूची परीक्षा तास-तासाला करावी लागते ती यामुळे.

ओतलेल्या सगळ्या रसाचा माल होत नाही. रस जिथून आत जातो त्या वाटा, आकसणाऱ्या लोखंडाला पुरवठा करणारे रायझर, वर रिजेक्शन, हे सगळं परत भट्टीत जातं. एक टन रस करायला साधारण 600 युनिट वीज लागते. पण एक टन विकण्याजोग्या मालासाठी दीड टनाच्या आसपास रस करावा लागतो. त्यात कॉम्प्रेसर, वाळूचा प्लँट, छर्रे मारून माल साफ करणारं शॉट ब्लास्टिंग धरलं की आकडा हजार युनिटांच्या आगेमागे जातो. म्हणजे युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला की टनामागे हजार रुपयांचा फरक. महिन्याला 300 टन करणाऱ्या मध्यम फौंड्रीचे यात तीन लाख इकडचे तिकडे होतात. आणि दर ठरवताना समोर बसलेला खरेदी अधिकारी पैशांत घासाघीस करत असतो, किलोमागे पन्नास पैसे म्हणजे त्याच्या लेखी मोठी सवलत.

हे गणित माहीत असलं म्हणजे 2013 च्या सुमारास कोल्हापूरच्या उद्योजकांनी वीजदरावरून कर्नाटकात जायची भाषा का केली ते उमगतं. कागल ओलांडलं की कोगनोळी, तिथे राज्य बदलतं, दरही बदलतात. बेळगावात फौंड्री आधीपासून आहेतच. तिकडच्या सरकारनं जमीन द्यायची तयारी दाखवली, स्मॅक, गोशिमा यांसारख्या संघटनांच्या बैठका झाल्या, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. घाऊक स्थलांतर मात्र झालं नाही.

का नाही, याचं उत्तर मला उद्यमनगरातल्या गल्ल्यांत सापडतं. समजा भट्टी उचलून सीमेपलीकडे नेली. पण सकाळी पॅटर्नला तडा गेला तर दुपारपर्यंत सांधून देणारा पॅटर्नमेकर कुठून आणणार? कोअर करून देणाऱ्या बायका, रात्री दहाला फोन केला तरी शेड उघडणारा टर्नर, फक्त ग्राइंडिंग करणारा, फक्त पेंट मारणारा, गेज तपासून देणारा, उधारीवर बेंटोनाइट टाकणारा व्यापारी? यांतला एकही जण फौंड्रीच्या ताळेबंदात दिसत नाही. कारखाना आणि त्याचा शेजार हे इथे एकच यंत्र आहे, आणि शेजार ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. वर विचारलं होतं, यात कोल्हापूरचं काय, तर हे.

त्या काळात स्वस्त विजेसाठी रात्री 10 ते सकाळी 6 अशी सवलतीची वेळ होती. त्यामुळे अनेक भट्ट्या रात्रीच चालत. शिरोलीच्या बाजूनं रात्री येणाऱ्याला शेडच्या फटींतून केशरी उजेड दिसायचा. दर ठरवणाऱ्याच्या कागदावरची एक ओळ कामगाराची झोप, बायकोचं स्वयंपाकाचं वेळापत्रक आणि गाडीतळावरच्या चहावाल्याचा धंदा ठरवत होती.

2019 ते 2021

आता मुख्य प्रसंग. 2018-19 मध्ये देशात दहा लाखांहून थोडी जास्त व्यावसायिक वाहनं विकली गेली. पुढच्या वर्षी तोच आकडा सव्वासात लाखांच्याही आत आला. कारणं कोल्हापूरच्या बाहेरची होती. जुलै 2018 मध्ये ट्रकची अधिकृत भारक्षमता वाढवली गेली, म्हणजे आहे त्याच ट्रकांत जास्त माल बसू लागला. त्याच वर्षी आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी कोसळली आणि बाकीच्या वित्त कंपन्यांनी कर्ज देताना हात आखडला. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा वाहनांच्या धुराचा नवा निकष लागू होणार म्हणून खरेदीदार थांबले आणि कंपन्या जुना साठा संपवण्याच्या मागे लागल्या. यातल्या एकाही निर्णयात शिरोलीच्या मोल्डरचा, म्हणजे साचा भरणाऱ्याचा, संबंध नव्हता, पण पाळी सर्वांत आधी त्याची कापली गेली. वाहन कंपनी आठ दिवस लाइन बंद ठेवते तेव्हा भागांचं वेळापत्रक एका मेलनं अर्ध्यावर येतं. भट्टीचं तसं नसतं. विजेचा स्थिर आकार, कर्जाचा हप्ता, भट्टीचं अस्तर यांना अर्धं वेळापत्रक कळत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 43 फूट आहे. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. ज्या रस्त्यानं रात्री निघून सकाळी पुणे गाठण्याच्या जोरावर धंदा उभा होता, तोच रस्ता नदीत होता. उद्योगाचं नुकसान मोजताना भिजलेली यंत्रं मोजली जातात. न गेलेला ट्रक मोजला जात नाही. खरं तर इथे तोच महाग पडतो, कारण वेळेवर माल न पोचणं हे गिऱ्हाइकाला दुसरा पुरवठादार शोधायचं कारण होतं. जुलै 2021 मध्ये तीच वाट पुन्हा पाण्याखाली गेली.

दोन पुरांच्या मध्ये टाळेबंदी. मार्च 2020 मध्ये भट्ट्या थंड झाल्या. मे महिन्यात परप्रांतीय कामगार श्रमिक रेल्वेनं, मिळेल त्या वाहनानं गावी निघाले, आणि तेव्हा एक गोष्ट उघडी पडली जी सगळ्यांना आतून माहीत होती. साचा भरणं, फेटलिंग (कास्टिंगच्या कडा घासणं), ओतणं ही भट्टीजवळची कामं करायला स्थानिक पोरं उरलेली नव्हती. ती संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर उभी राहायला तयार असतात, वाळूत उतरायला नाही. मी त्यांना दोष देणार नाही. उष्णता, धूळ आणि वजन यांच्या बदल्यात जो पगार मिळतो, त्यात आयटीआय झालेल्या मुलानं दुसरीकडे बघितलं तर तो शहाणाच म्हणायचा. पण ज्या गावाची कीर्ती हातातल्या कसबावर आहे, तिथे ते कसब कुणाच्या हातात आहे हा प्रश्न त्या उन्हाळ्यात टाळता आला नाही. काही कारखान्यांनी त्यानंतर हातानं साचे भरणं सोडून मोल्डिंग लाइन घातल्या. ज्यांना भांडवल झेपलं नाही त्यांनी परतीच्या तिकिटाचे पैसे पाठवून माणसं बोलावली.

त्या वर्षी पहिला आधार दिला तो ट्रॅक्टरनं. पाऊस चांगला झाला, शेतमालाची खरेदी चालू राहिली आणि 2020-21 मध्ये देशात नऊ लाखांच्या घरात ट्रॅक्टर विकले गेले, तोवरचा विक्रम. ट्रक अजून आजारीच होता. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या हाउसिंगचं, हबचं, ट्रान्समिशनच्या भागांचं काम होतं त्यांना चूल पेटती ठेवायला ते कामी आलं. फक्त ट्रकच्या एकाच बड्या कंपनीवर विसंबलेल्यांना सर्वाधिक झळ बसली. गुऱ्हाळाच्या चरकापासून निघालेला धंदा शंभर वर्षांनी पुन्हा शेताच्या बांधावर टेकला होता.

ट्रक परतला तो हळूहळू. 2022-23 मध्ये व्यावसायिक वाहनांची विक्री साडेनऊ लाखांच्या पुढे गेली. पण या फेऱ्यातून सगळे सारखे बाहेर आले नाहीत. स्वतःचं मशीनशॉप असलेल्या आणि निर्यातीचं थोडं का होईना काम धरलेल्या फौंड्री मोठ्या झाल्या. कारण गिऱ्हाईक आता कच्चं कास्टिंग मागत नाही, थेट जुळवणीला लागेल असा तयार भाग मागतं. याचा अर्थ उद्यमनगरातलं काम मोठ्या शेडच्या आत शिरतंय. मघाशी ज्या शेजाराला मी या धंद्याचा जीव म्हटलं, त्याच्याच हातचं जॉबवर्क कमी होतंय.

पुढचा पॅटर्न

विजेवरच्या वाहनाची चर्चा कोल्हापुरात सुरू झाली की दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो सगळं बुडणार, दुसरा म्हणतो ट्रकला अजून वीस वर्षं काही होत नाही. भाग मोजून बघितले तर चित्र वेगळं दिसतं. ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फ्लायव्हील हे इंजिनाबरोबर जाणारे. ब्रेक ड्रम, डिस्क, हब, अ‍ॅक्सल हाउसिंग, सस्पेन्शनचे ब्रॅकेट यांना गाडी कशावर चालते याच्याशी देणंघेणं नाही. मोटारीचं आणि कंट्रोलरचं आवरण नव्यानं येईल, पण ते बहुतेक ॲल्युमिनियमचं, आणि त्याची भट्टी, त्याचे साचे, त्याचं शास्त्र निराळं. म्हणजे धोका जिल्ह्याला सरसकट नाही. कुणाच्या मांडणीवर कोणते पॅटर्न आहेत, त्यावर तो आहे.

वाळूचा प्रश्न मला त्याहून जवळचा वाटतो. वापरलेली काळी वाळू टाकायची कुठे आणि नवी आणायची कुठून, ही दोन्ही टोकं दरवर्षी आवळत चालली आहेत. केंद्राच्या क्लस्टर योजनेतून वाळू शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा सामाईक प्रकल्प कोल्हापुरात उभा राहिला, ही या समूहानं मिळून केलेली मोठी गोष्ट. एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून असलेले मालक एका प्रकल्पाच्या टेबलाशी बसले, हे कोल्हापूरची ईर्षा ठाऊक असलेल्याला कमी वाटणार नाही.

स्वतःच्या नावाचं काय, हा विषय काढला की जुने मालक हसण्यावारी नेतात. स्वतःचं यंत्र विकायचं म्हणजे डिझाइन, दुरुस्तीची माणसं, गावोगावी विक्रेते आणि दोन वर्षं उधारी पोसायची ताकद लागते. त्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला वेळापत्रक येतंय ते बरं. हा हिशेब चुकीचा नाही. मात्र वेळापत्रकावर चालणाऱ्याला दर ठरवता येत नाही, आणि दर ठरवता न येणाऱ्याला मोल्डरचा पगारही मनासारखा वाढवता येत नाही. भट्टीजवळची जागा रिकामी राहते त्याचं एक टोक इथे आहे.

फौंड्रीत काम सुटलं की हिशेबाच्या कागदाआधी एक टेम्पो येतो. गिऱ्हाईक आपला पॅटर्न उचलून नेतं. उद्यमनगरातल्या एका जुन्या शेडमध्ये मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर सागवानी फ्लायव्हीलचा पॅटर्न अजून आहे, आठ अश्वशक्तीच्या ऑइल इंजिनाचा. त्याच्यावर गिऱ्हाइकाचा क्रमांक नाही. तो न्यायला टेम्पो येत नाही, कारण तो त्यांचा स्वतःचा आहे.